खालच्या खुंटीवरचं रिव्हॉल्वर

लिलावघरात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. सगळे भिंगबाई म्हणायचे, आणि तेही सरळ तोंडावर. डाव्या डोळ्यात भिंग अडकवून ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसली, की मालकसुद्धा दार वाजवून आत येत. जुन्या रिव्हॉल्वरची किंमत ठरवावी तर भिंगबाईनंच, असं घेणारे म्हणत, विकणारे म्हणत, आणि तिचा आकडा ऐकून ज्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं तेसुद्धा म्हणत. तिचं स्वतःचं मतही काही वेगळं नव्हतं. "मला कळतं म्हणून मी म्हणते कळतं," असं ती बेधडक सांगे. "ज्यांना कळत नाही ते म्हणायचे थांबलेत का?"

तिच्या खोलीत दोन कायदे चालत. पहिला, आधी वस्तू आणि मग गोष्ट. जुन्या रिव्हॉल्वरबरोबर गोष्ट ही यायचीच. कुणाच्या पणजोबांनी ते लढाईतून आणलेलं असे, कुणाच्या आजीनं चोराच्या हातून हिसकावलेलं असे. ऐकायला काय, सगळ्याच झकास. पण गोष्ट आधी कानात गेली की डोळा तेच शोधत बसतो, हे भिंगबाईला पक्कं ठाऊक होतं. दुसरा कायदा, तिच्या खोलीत रिव्हॉल्वरचा घोडा, म्हणजे पाठीमागची अंगठ्यानं ओढायची कळ, कुणी ओढायचा नाही. घोडा ओढला की गोळ्यांची चक्री फिरते, चक्री फिरली की तिच्या निळ्या झिलईवर केसासारखी रेघ उमटते, आणि शौकीन गिऱ्हाईक भिंग लावून नेमकी तीच रेघ शोधत असतं. "प्रत्येक खटक्याला किंमत उतरते," असं ती सांगे, आणि सांगून भागलं नाही तर टेबलावरची लाकडी पट्टी वापरे.

त्या दिवशी संध्याकाळी लिलावाचा कॅटलॉग छापायला जायचा होता. मालकांची धांदल उडालेली, फोन वाजतायत, कुणाला कुणाचा पत्ता नाही. अशात दुपारी एक म्हातारी आणि तिचा भाचा भिंगबाईच्या खोलीत आले. म्हातारी ऐंशीच्या घरातली, काटक, आणि हातातली कापडी पिशवी तिनं छातीशी अशी धरलेली की आत तान्हं मूल असावं. भाचा पन्नाशीकडे झुकलेला, अंगानं भरलेला, बोलण्यात पटाईत.

"बसा आजी," भिंगबाई म्हणाली. भाच्याला सांगावं लागलं नाही, तो आधीच बसला होता.

"मॅडम, हे नुसतं रिव्हॉल्वर समजू नका हं," त्यानं सुरुवात केली. "आमचे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, त्यांनी एकट्यानं..."

"आधी वस्तू."

"हो, पण तुम्ही ऐकाल तर थक्क..."

"मी नंतर थक्क होईन. आधी वस्तू."

म्हातारी गालात हसली. मग पिशवी मांडीवर ठेवून म्हणाली, "बाई, मी एकच सांगते आणि गप्प बसते. किंमत काय यायची ती येऊ दे, ते हा बघेल. पण तुमच्या त्या पुस्तकात माझ्या बापाची हकीगत छापून आली पाहिजे. भावंडं सगळी गेली. मी गेले की ती सांगायला कुणी नाही."

"मी आहे की, आत्या!" भाचा म्हणाला.

"तू आहेस, पण तू सांगतोस तेव्हा दरवर्षी त्यात भर पडते. मला ती आहे तशी हवी."

भिंगबाईला म्हातारी आवडली. पण आवडणं वेगळं आणि काम वेगळं. "आजी, मी पण एकच सांगते," ती म्हणाली. "वस्तूनं साक्ष दिली तर हकीगत छापेन. नाही दिली तर एक अक्षर छापणार नाही. इथं राजघराण्यातले लोक तोंड वाकडं करून परत गेलेत."

"देईल की साक्ष," म्हातारी शांतपणे म्हणाली. "माझा बाप काय खोटं बोलणारा माणूस होता?"

तिनं पिशवीतून सुतळीनं बांधलेलं एक गाठोडं काढलं, नखांनी गाठ सोडवली आणि जुन्या फलालीनच्या तुकड्यातून रिव्हॉल्वर टेबलावर ठेवलं. भाच्याला कुठला धीर! "हे बघा, असं उचललं आणि असं..." म्हणत त्यानं ते पटकन उचललं आणि अंगठा घोड्यावर नेला. फट्दिशी लाकडी पट्टी मनगटावर बसली.

"अगं आई गं!"

"आई नाही, कायदा," भिंगबाई म्हणाली. "माझ्या खोलीत घोडा ओढायचा नाही. प्रत्येक खटक्याला किंमत उतरते. तुमचीच उतरेल, माझं काय जातंय?"

किंमत म्हटल्यावर भाच्यानं हात मागं घेतला आणि मनगट चोळत गप्प बसला. म्हातारीला हसू लपवता येईना.

भिंगबाईनं सुती हातमोजे चढवले, मधली खीळ हलक्या हातानं बाहेर ओढली आणि गोळ्यांची चक्री सुटी करून तिची सहा घरं उजेडात धरली. रिकामी. शंभर वर्षांची वस्तू असो नाहीतर कालची, रिकामी आहे हे स्वतः पाहिल्याशिवाय ती पुढं जात नसे. मग भिंग डोळ्यात गेलं आणि खोलीत फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज राहिला.

नळीच्या टोकाशी आणि सगळ्या कडांवर निळी झिलई घासून पांढरं लोखंड दिसत होतं. म्हणजे वस्तू वर्षानुवर्षं कमरेच्या चामडी म्यानात गेलेली. मुठीची एक बाजू दुसरीपेक्षा गुळगुळीत. उभ्या उभ्या हात टेकून ठेवायची सवय असलेला माणूस. तीन ठिकाणचे नंबर एकच. स्क्रूंच्या खाचा धारदार, कुणी उपटसुंभानं कधी उघडायचा उद्योग केलेला नाही. पॉलिश केलेलं नाही. त्याबद्दल तिनं मनोमन म्हातारीला हात जोडले. लोक चांगलं दिसावं म्हणून घासूनपुसून आणतात आणि स्वतःच्या हातानं वस्तूचं वाटोळं करतात, हे तिनं किती वेळा पाहिलं होतं.

मग तिनं चक्रीची पुढची बाजू पाहिली. एकदा पाहिली, भिंग पुसलं, परत पाहिली. गोळी सुटते तेव्हा तोंडाशी आग होते आणि त्या आगीचं काळं कडं लोखंडावर राहतंच, पुसलं तरी राहतं, घासलं तरी राहतं. इथं सहाच्या सहा घरांच्या तोंडाशी कारखान्यातली निळी झिलई जशीच्या तशी होती. तिनं नळीतून खिडकीकडे पाहिलं. आतल्या खाचा कालच कोरल्यासारख्या होत्या. एवढ्या वर्षांच्या नोकरीत अशी वस्तू तिच्या हाताखालून दोनदाच गेली होती, आणि त्यातली एक कुणीतरी पॉलिश केलेली होती.

तिनं मान वर केली. "आता सांगा गोष्ट."

भाचा एवढा वेळ तोंड दाबून बसलेला, तो धरण फुटल्यासारखा सुटला. आजोबा एका जवाहिऱ्याच्या पेढीवर पहारेकरी होते. संध्याकाळी पेढी बंद होताना सहा दरोडेखोर चालून आले. आजोबांनी दारात उभं राहून सहा गोळ्या झाडल्या, धाड धाड धाड...

"तीन," म्हातारी म्हणाली.

"काय तीन?"

"माणसं तीन होती. हातात सुरे होते. आणि गोळ्या दोन, त्याही हवेत." ती भिंगबाईकडे वळली. "मी सात वर्षांची होते. बाबा स्टुलावरून उठले, रिव्हॉल्वर काढलं आणि दारात उभे राहिले. दोन गोळ्या झाडल्या आणि तिघं पळाले. सगळी गल्ली सांगायची."

"गल्लीनं पाहिलं?"

"पाहणार कसे? सुरे बघून सगळ्यांनी आपापली शटरं धडाधड ओढून घेतलेली. आवाज मात्र ऐकला म्हणायचे."

धडाधड ओढलेल्या शटरांचा आवाजही काही लहानसहान नसतो, असं भिंगबाईच्या मनात आलं. ती म्हणाली, "आणि तुमचे वडील? ते काय सांगायचे?"

"ते कुठले सांगतायत! फार थट्टेखोर माणूस. आम्ही पाच भावंडं भोवती बसून विचारायचो, बाबा, गोळ्या कशा झाडल्या? तर नुसतं जिभेनं टाळूला करायचे, टक्, टक्. की झालं, चला जेवायला. आम्ही चिडायचो. बाबा, बंदूक अशी वाजते होय? तर म्हणायचे, माझी अशीच वाजते." म्हातारीचे डोळे चमकले. "शेवटपर्यंत कधी धड सांगितलं नाही."

भिंगबाईनं रिव्हॉल्वर फलालीनवर नीट ठेवलं आणि हातमोजे उतरवले. तिला आडून बोलता येत नसे, आणि शिकायची इच्छाही नव्हती. "आजी, हे रिव्हॉल्वर कारखान्यातून बाहेर पडल्यापासून एकदाही झाडलेलं नाही. दोन गोळ्या नाहीत, सहा नाहीत, एकही नाही."

मग भाचा उसळला. "असं कसं? अख्ख्या खानदानाला माहीत आहे!"

"खानदानाला माहीत असेल, लोखंडाला माहीत नाही. आणि थयथयाट करण्याआधी हे बघा." तिनं कागदावर एक आकडा लिहिला. "झाडलेलं असतं तर हे." त्याच्याखाली दुसरा लिहिला. "न झाडलेलं, पॉलिश न केलेलं, तिन्ही नंबर जुळणारं, हे."

भाच्यानं कागद जवळ घेतला, लांब धरला, चष्मा लावला. दुसरा आकडा पहिल्याच्या चौपट होता. त्याच्या चेहऱ्यावरचा राग असा वितळला की बघणाऱ्याला कौतुक वाटावं.

"आत्या," तो हळूच म्हणाला, "तसं बघायला गेलं तर गोळ्या झाडल्या हे कुणी प्रत्यक्ष पाहिलंय असं नाही."

"काय म्हणालास?"

"म्हणजे, छापायला न झाडलेलं असं छापू. घरात आपण आपलं सांगत राहू, हवं तसं. कोण येतंय विचारायला?"

तेवढ्यात दार वाजलं आणि मालक आत आले. कॅटलॉगचं पान अडलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं, कागदावरचा आकडा पाहिला, आणि त्यांना दोन्हीकडचा मोह सुटला. "दोन्ही छापू की! एकीकडे शूर पहारेकऱ्याची हकीगत, एकीकडे न झाडलेली दुर्मीळ वस्तू. गिऱ्हाईक वेडं होईल."

"गिऱ्हाईक वेडं होईल आणि मी शहाणी राहून तुमची नोकरी सोडीन," भिंगबाई म्हणाली. "ज्यानं दोन गोळ्या झाडल्या ते कधीच न झाडलेलं रिव्हॉल्वर, असं छापायचं? पोरंसोरं हसतील. एक काहीतरी खरं आहे, आणि काय खरं ते मी सांगितलंय."

मालक तिच्याशी वाद घालत नसत. त्यात त्यांचाच वेळ जायचा. "अर्ध्या तासात मजकूर द्या," म्हणून ते निघून गेले.

म्हातारी मात्र ताठ बसून होती. तिचा आवाज आता वेगळाच आला. "बाई, सरळ विचारते. माझा बाप खोटारडा होता असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी वस्तूबद्दल बोलतेय, आजी."

"एकच झालं! तिघं सुरे घेऊन आले ते खरं. पेढी वाचली ते खरं. मग ते पळाले कशाला, माझ्या बापाचं तोंड बघून? गल्लीतल्या प्रत्येकानं बापाला सलाम ठोकला आयुष्यभर, आणि बापानं तो घेतला. त्यानं काही केलंच नसेल तर तो सलाम चोरीचा झाला की नाही?" तिनं रिव्हॉल्वर भाच्याकडे सरकवलं. "मला तुमचा चौपट आकडा नको. मला हे विकायचंच नाही. अरे, बांध ते."

"आत्या, अगं असं काय करतेस..."

"बांध म्हणते ना!"

भिंगबाईनं आयुष्यात पुष्कळ लोकांना नाराज केलं होतं आणि रात्री शांत झोपली होती. पण आज तिला बरं वाटेना. काहीतरी राहून गेलंय असं आत कुठंतरी टोचत होतं. आपण चुकलो असं मात्र तिला वाटलं नाही. तिचं म्हणणं बरोबरच होतं. मग पूर्ण होतं का?

भाच्यानं नाइलाजानं फलालीन गुंडाळलं, सुतळी आवळली, आणि लोंबणारं टोक कापायला टेबलावरची कात्री उचलून म्हातारीच्या बोटांशी नेली. एवढ्या रागातही ती खेकसली, "कात्री अशी हातापाशी आणू नकोस! लागेल. आईनं पाहिलं असतं तर पाठ सोलली असती."

"तुमची आई कडक होती?" भिंगबाईनं उगीच, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"कडक? पाच पोरांचं घर, बाई. कात्री सगळ्यात वरच्या फळीवर. विळी दाराआड, वर कपडा घालून. काडेपेटी तर तिच्या कमरेला असायची. सुईसुद्धा मोजून ठेवायची."

"आणि हे?" भिंगबाईनं गाठोड्याकडे बोट केलं. "हे कुठं असायचं घरी?"

"दाराशेजारी, खालच्या खुंटीला. बाबा थकून यायचे, पट्टा काढला की लटकवायचे तिथंच. आम्ही येता-जाता त्याला धक्के मारायचो, झोका द्यायचो. धाकटा तर त्या पट्ट्याला धरूनच उभं राहायला शिकला."

भिंगबाई हळूच म्हणाली, "आणि आई काही म्हणायची नाही?"

"काय म्हणायचंय? नाही, कधी..." म्हातारी बोलता बोलता थांबली. तिनं भिंगबाईकडे पाहिलं. भिंगबाई आधीच हातमोजे चढवत होती.

"सोडा ती सुतळी," ती म्हणाली. "कापा! द्या इकडं."

किंमत दिसली की डोळा थांबतो. नव्यानं शिकायला येणाऱ्यांना ती हे घसा फोडून सांगायची, आणि आज तिचाच थांबला होता. चक्रीची पुढची बाजू पाहून ती इतकी हरखली होती की मागची बाजू तिनं नुसती वरवर पाहिली होती. न झाडलेल्या वस्तूला मागून काय बघायचं! तिनं स्वतःला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली आणि चक्री काढून उलटी धरली.

पितळी काडतूस घरात महिनोन्महिने बसलं की घराच्या आत हिरवट कड धरते. पहारेकऱ्याचं भरलेलं रिव्हॉल्वर रोज चालताना हलतं, काडतुसांची बुडं मागच्या पत्र्यावर घासत राहतात आणि झिलईवर पिवळसर पट्टा पडतो. तिनं पहिलं घर पाहिलं. स्वच्छ. दुसरं. तिसरं. कापसाची काडी आत फिरवून बाहेर काढली, उजेडात धरली. हिरव्याचा मागमूस नाही. मागचा पत्रा पाहिला. अखंड निळा. बाहेरून वर्षानुवर्षांची झीज, आणि आतून नवं कोरं.

तिनं भिंग काढून टेबलावर ठेवलं. हे ती क्वचितच करत असे. भिंग काढलं म्हणजे ती माणसाशी बोलणार.

"आजी, माझं मघाचं बोलणं अर्धं होतं. आता पुरतं सांगते. हे झाडलेलं नाही, कारण हे कधी भरलेलंच नव्हतं. एवढी वर्षं कमरेला होतं, पण यात काडतूस राहिलेलं नाही. तुमच्या आईला ते माहीत होतं. म्हणून कात्री वरच्या फळीवर आणि हे खालच्या खुंटीला."

भाचा तोंड उघडं टाकून बघत राहिला. "म्हणजे त्या दिवशी..."

"त्या दिवशी तीन सुऱ्यांसमोर तुमचे आजोबा रिकामं रिव्हॉल्वर घेऊन उभे राहिले. ते रिकामं आहे हे दारात फक्त त्यांनाच माहीत होतं."

म्हातारीनं टेबलाची कड धरली. मग एकदम तिच्या तोंडून निघालं, "मेल्यानं गोळ्या दिल्या नाहीत!"

"कुणी?"

"पेढीवाल्यानं, दुसरा कोण! कंदिलाचं तेल मापून द्यायचा तो. पहारेकऱ्याला रिव्हॉल्वर दिलं ते दुकानाची शोभा म्हणून. गोळ्यांना पैसे पडतात ना!" रागानं तिचा चेहरा लाल झाला होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "त्याच्या सोन्यासाठी माझा बाप रिकाम्या हातानं उभा राहिला की हो!"

"पेढीवाल्याचं वस्तू सांगत नाही," भिंगबाई म्हणाली. "ते तुम्ही सांगताय, आणि मला ते पटतंय."

"पण मग आम्हाला का नाही सांगितलं? घरच्यांना सांगायला काय हरकत होती?"

"पाच पोरांना?" भिंगबाई हसली. "पहारेकऱ्याचं रिव्हॉल्वर रिकामं आहे हे पाच पोरांना सकाळी सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळतं. गल्लीला कळलं की चोरांना कळतं. नोकरी करायची होती त्यांना अजून. कसे सांगणार?"

म्हातारीनं मान डोलावली. हे तिला लगेच पटलं. ती स्वतःच त्या पाचांपैकी एक होती आणि आपलं तोंड तिला ठाऊक होतं.

भिंगबाईनं कागद ओढला आणि उभ्या उभ्या मजकूर लिहिला. लिहून झाल्यावर तिनं तो मोठ्यानं वाचून दाखवला, "जवाहिऱ्याच्या पेढीवरील पहारेकऱ्याचं रिव्हॉल्वर. वर्षानुवर्षं कमरेला वागवलेलं. कधीही न झाडलेलं, कधीही न भरलेलं. पेढीवर सुरे घेऊन आलेल्या तिघांसमोर पहारेकरी हेच घेऊन एकटा उभा राहिला, आणि ते तिघं पळाले, असं त्याची मुलगी सांगते. वस्तू तिच्या सांगण्याला कुठेही आड येत नाही."

"शूर असा शब्द घाला ना कुठंतरी," भाचा म्हणाला.

"कशाला? वाचणाऱ्याला अक्कल असते." मग तिनं आकड्याकडे पाहिलं, तो खोडला आणि त्याच्या जागी आणखी मोठा लिहिला. "न झाडलेली दोन पाहिलीत मी. अशी एकही नाही. हा माझा अंदाज, आणि माझा अंदाज चुकत नाही."

भाच्यानं आकडा पाहिला आणि कागद आत्यापुढं सरकवला. त्यानं आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारीनं मजकूर स्वतः एकदा वाचला, बोट फिरवत, ओळ न ओळ. "आता जाऊ दे कुणाकडेही," ती म्हणाली. "आता ते आपलं आपण सांगेल." पण तिची नजर रिव्हॉल्वरवरून हलेना. "बाई, एक विचारू? ते तिघं पळाले कशाला मग? ऐकलं तरी काय त्यांनी?"

भिंगबाईनं चक्री जागेवर बसवली, खीळ आत सरकवली. मग तिनं जे केलं ते त्या खोलीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. रिव्हॉल्वर तिनं म्हातारीच्या हातात दिलं, नळी खिडकीबाहेरच्या आभाळाकडे वळवली आणि म्हणाली, "अंगठा घोड्यावर ठेवा. ओढा मागं."

"अहो, किंमत उतरेल ना!"

"उतरली तर माझ्या अंदाजातून उतरेल. ओढा."

म्हातारीनं भाच्याकडे पाहिलं. त्यानं एकदा टेबलावरच्या पट्टीकडे पाहिलं, एकदा आकड्याकडे, आणि म्हणाला, "ओढ गं आत्या."

एका अंगठ्याचं बळ पुरेना, म्हणून तिनं दोन्ही अंगठे लावले. घोडा हलला, अर्ध्यावर अडला, मग पुरता मागं गेला. चक्री एक घर फिरली. त्या छोट्या खोलीत दोन आवाज झाले, लहान, कोरडे, अगदी स्पष्ट.

टक्. टक्.

म्हातारी जागच्या जागी थिजली. भिंगबाईनं पटकन घोड्याखाली आपला अंगठा घालून तो अलगद खाली उतरवला. म्हातारीला त्याचं भान नव्हतं. तिनं तोंड उघडलं, जीभ टाळूला लावली आणि तोच आवाज काढला, दोनदा. मग ती हसायला लागली, आणि हसता हसताच तिला हुंदका आला.

"अरे, हेच! हेच करायचे बाबा!" तिनं भाच्याचा हात गच्च धरला. "जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा खरं तेच सांगितलं त्यांनी. आणि आम्ही दोन गोळ्या मोजल्या रे! आम्ही म्हणायचो, बाबा, बंदूक अशी वाजते होय?"

पुढचं तिला बोलता येईना. भाच्यानंच ते पूर्ण केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आजोबांच्या गोष्टीत त्यानं कसलीही भर घातली नाही.

"माझी अशीच वाजते," तो म्हणाला.